स्वच्छ प्लग

दांडेकर पुलाच्या सिग्नलला काटा चढायचा.
चालत्या गाडीत नाही, उभ्या गाडीत.
शैलजा न बोलता हीटरची कळ ओढायची
आणि मे महिन्यात, दुपारी दोनला,
आमच्या पायांवर गरम वारा सुटायचा.
शेजारचा रिक्षावाला टक लावून बघायचा:
काचा खाली, दोघं घामाघूम, हीटर चालू.
काटा मात्र उतरायचा. बोटभर.

एक्क्याण्णवची आठशे. तीन सिलिंडर.
सकाळी चालू केली की खोकायची,
बॉनेट थरथरायचं, आरशातली सोसायटी हलायची,
मागून पांढरी वाफ,
मग दोन मिनिटांत
जणू काही झालंच नव्हतं.
मी म्हणायचो, वय झालंय.
शैलजा विचारायची, कुणाचं?

तेहतीस वर्षं मी महापालिकेच्या पाणी खात्यात होतो.
रात्री दोनला, रहदारी निजली की
रस्त्याला लोखंडी कांडी लावून कान टेकायचो
आणि सांगायचो: इथे खणा.
शुक्रवार पेठेत, पद्मावतीत, गणेश मळ्यात
किती डांबर फुटलं माझ्या कानाच्या भरवशावर.
आणि माझ्याच गाडीतलं पाणी रोज अर्धा लिटर कमी,
खाली फरशी कोरडी ठणठणीत.
एका रात्री पेपर पसरून ठेवला इंजिनाखाली.
सकाळी त्यावर फक्त बातम्या.

थर्मोस्टॅट बदलला.
रेडिएटर धुऊन आणला, त्यातून
चहाच्या रंगाचा गाळ निघाला, बादलीभर.
पंख्याचा स्विच नवा घातला; पंखा वेळेवर फिरू लागला,
काटा त्याच्या वेळेवर चढू लागला.
थरथरीसाठी वेगळा माणूस: त्याने कार्बोरेटर उघडला,
जेट फुंकले, पैसे घेतले.
दोन आजार, दोन डॉक्टर.
आणि रोज सकाळी मी एक बाटली पाणी
ओतून मोकळा.

नाना पेठेतल्या हशमभाईंनी काहीच बदललं नाही.
आधी चहा मागवला. म्हणाले,
गाडी थंड होऊ दे, मग बोलेल ती.
मग तीनही प्लग काढून फडक्यावर मांडले.
कडेचे दोन विटकरी, काठाला काजळी.
मधला लख्ख.
मी म्हटलं, चला, हा तरी चांगला आहे.
"साहेब, हाच तो.
जळणारा प्लग रंग धरतो.
हा रोज वाफेने आंघोळ करतोय.
तुमची बाटली हा पितोय."
झाकण उघडं ठेवून त्यांनी इंजिन चालू केलं.
रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले
आणि येतच राहिले.

एकच आजार होता.
हेड उतरल्यावर गॅस्केटवर दिसला,
तिळापेक्षा थोडा मोठा, करपलेला.
मी चष्मा पुसून दोनदा पाहिला.
एवढ्यातून पाणी आगीत जात होतं
आणि आग पाण्यात.

घरी येऊन शैलजाला सांगितलं:
लख्ख होता तोच बिघडलेला निघाला.
ती ओटा पुसत होती.
"हं," म्हणाली,
आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.
निरंजन गेल्या दिवाळीत आला नव्हता,
त्याच्या आदल्याही नाही.
त्यावर आमच्याकडे कधी आवाज चढला नाही.
फरशी कोरडी ठणठणीत.

हेड घासून, बसवून, चौथ्या दिवशी गाडी मिळाली.
दांडेकर पूल, लाल दिवा.
काटा मध्यावर, झोपलेल्या मांजरासारखा.
शैलजाचा हात सवयीने कळीवर गेला
आणि तिथेच राहिला.
इंजिन इतकं हळू चालत होतं
की बंद पडलं की काय, म्हणून मी वाकून ऐकलं.
मग तसाच वाकलेला म्हटलं, बोल.
सिग्नलवर चौऱ्याऐंशी सेकंद होते.
साठपर्यंत ती समोर बघत राहिली.
सत्तेचाळीसला
तिने आपल्या बाजूची काच वर केली.